गोगलगाईला कान नसतात

दुपारची भांडी घासून पालथी घातली की राजमती मगदूम हॉलमध्ये चटई टाकते आणि काचेच्या टाकीकडे पाठ करून आडवी होते. पाठ करायची, हे ठरलेलं. तोंड करून झोपावं एवढी त्या चाळीस गोगलगाईंची लायकी नाही, असं तिचं मत आहे, आणि राजमतीचं मत एकदा बनलं की ते बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पंडितांनाही हलवता येत नाही. वैशाख चालू आहे. सांगलीतली दुपार तापून लाल झाली आहे, वर पंखा तीच गरम हवा ढवळतो आहे, आणि पाठीमागे टाकीतला पंप बुडबुड बुडबुड करत बसला आहे. डोळे मिटता मिटता तिला वाटतं, हा पंपसुद्धा त्यांच्यासारखाच. दिवसभर तोंड हलवायचं आणि बोलायचं काही नाही.

त्यांच्यासारखा म्हणजे भूपाल मगदुमांसारखा, तिच्या नवऱ्यासारखा. त्यांना जाऊन पाच महिने झाले.

झोप अजून आलेली नाही, नुसती उंबऱ्यावर उभी आहे. अशा वेळी राजमतीचं डोकं फार चालतं, आणि चालतं ते बहुतेक मगदुमांवरच. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं नदीचं पाणी मोजून हा माणूस घरी बसला. पुलाच्या खांबावर फूट-इंच रंगवलेले असतात, ते वाचायचे आणि वहीत लिहायचे, ही नोकरी. नदी वाढली तरी हे लिहिणार, ओसरली तरी हे लिहिणार. रिटायर झाल्यावर माणसं काहीतरी शहाणपणाचं करतात. कुणी शेतात लक्ष घालतं, कुणी बस्तीत सकाळच्या अभिषेकाला उभं राहतं. मगदुमांनी काय आणावं? तर माशांच्या दुकानातून, पाण्यानं फुगवलेल्या पिशवीत घालून, दोन गोगलगाई.

"शेवाळ खातात म्हणे," एवढंच म्हणाले होते.

लिंबाएवढ्या होत्या त्या. वर्षात पेरूएवढ्या झाल्या. शेवाळाला त्यांनी तोंड लावलं नाही, बाकी सगळं फस्त केलं. टाकीतली रोपं खाल्ली, काकडी खाल्ली, उकडलेला दोडका खाल्ला, पालक तर असा खाल्ला की घरच्या माणसांना आमटीत घालायला उरू नये. आणि मग एका सकाळी पाण्याच्या वर, काचेच्या कडेला, गुलाबी राजगिऱ्याचा लाडू चिकटवल्यासारखा अंड्यांचा घोस दिसला. खरवडून टाकला असता तर तिथंच विषय मिटला असता. पण जैनाच्या घरात तो हात कुणाचा? दोघं नवरा-बायको आठ-दहा दिवस एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि तेवढ्यात पिल्लं बाहेर पडली. दोनाच्या चाळीस झाल्या. आता त्या टाकून देता येत नाहीत, फुकट दिल्या तरी कुणी नेत नाही, आणि आपण होऊन मरायचं नाव घेत नाहीत. राजमती त्यांना रोज काकडी चिरून घालते. चिरताना शिव्या घालते. शिव्यांनी जीवहिंसा होत नाही, असं तिनं स्वतःपुरतं ठरवून टाकलं आहे.

गोगलगाय आणि पोटात पाय. लग्नाला आठ दिवस झाले नव्हते तेव्हा तिनं हे आपल्या आईला सांगितलं होतं. वरून गरीब दिसतो, बोलत नाही, पण मनातलं कळू देत नाही. पुढे पुढे तर तिनं म्हण अर्धीच ठेवली. पोटातल्या पायांइतकीही अक्कल ह्या माणसात नाही असं तिच्या ध्यानात आलं, आणि नुसती 'गोगलगाय' उरली. पाहुण्यांसमोर, लेकीसमोर, भाजीवाल्यासमोर. मगदूम ऐकून घ्यायचे आणि टाकीतलं पाणी बदलायला उठायचे.

इथवर आलं की पुढची ती दुपार आपोआप येते. रोज येते. राजमती तिला अडवायचं म्हणून डोळे आणखी घट्ट मिटते, पण डोळे मिटून अडण्यातली ती नाही.

पौषातली दुपार होती. धुण्याला टाकायला म्हणून तिनं त्यांचा सदरा उचलला, आणि खिशात कागदाची पुडी लागली. पुडीत अंड्याची टरफलं. ज्या घरात कांदा-लसूण येत नाही, दिवस मावळायच्या आत ताटं उचलली जातात, त्या घरात अंड्याची टरफलं! आणि शेजारच्या चौगुलेबाईंनी आठवड्यापूर्वीच, अगदी कानाला लागून, सांगितलं होतं की तुमचे हे स्टँडजवळच्या भुर्जीच्या गाडीवर दिसले. तेव्हा राजमतीनं चौगुलेबाईंना झापलं होतं. आता ती पुडी मुठीत घेऊन थेट हॉलमध्ये आली. मगदूम खुर्चीत बसले होते, टाकीकडे तोंड, डोळे मिटलेले. मग जे तोंड सुटलं ते अर्धा तास. सत्तरीला आलेला माणूस, लाज नाही, कुळाला बट्टा, लोक काय म्हणतील, आणि मी खुळी आत तुमच्यासाठी भाकऱ्या थापते. मगदूम हूं नाही की चूं नाही. त्या गप्प बसण्यानंच तिचं टाळकं आणखी सरकलं. शेवटी ती म्हणाली,

"असल्या माणसाचा काय उपयोग? तुम्ही मेलात तरी मला कळायचं नाही!"

आणि स्वयंपाकघरात निघून गेली. चारला बाहेर आली तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले असणार, दोन ते तीनच्या दरम्यान. राजमती सव्वादोनला सुरू झाली होती आणि पावणेतीनला संपली होती. डॉक्टरांना पुढे विचारायचं तरी कसं? दोन वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी त्यांना ऐकू येत होतं का, असं? तेराव्या दिवसानंतर टाकीमागचं कपाट आवरताना काचेची बरणी सापडली, पांढऱ्या पुडीनं भरलेली. वर मगदुमांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: 'कवचासाठी. अंड्याच्या टरफलांची पूड. रा.ला दाखवू नये.' म्हणजे अंडी त्यांनी खाल्ली नव्हती. टरफलं मागून आणत होते, कुटून पाण्यात घालत होते, त्या चाळीस रिकामटेकड्यांची कवचं पातळ पडू नयेत म्हणून. राजमतीला आधी राग आला तो चिठ्ठीचा. 'दाखवू नये' म्हणे! मी काय लहान पोर आहे? रडू त्यानंतर आलं, बरंच नंतर.

तेव्हापासून तिला जगात एकच गोष्ट कळायला हवी आहे. ते शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं की नाही ऐकलं.

पंप बुडबुड करतो. ती कूस बदलते. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिचं तोंड टाकीकडे होतं, आणि टाकी जागेवर नसते.

खुर्ची असते. खुर्चीत मगदूम बसलेले असतात. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात नोकरीतली, पाणी मोजायची जुनी लाकडी मोजपट्टी, काळे-पांढरे पट्टे मारलेली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मेलेल्या माणसाच्या तोंडावर काही तेज वगैरे असतं म्हणतात, ते काही ह्यांच्या तोंडावर दिसत नाही. दाढी वाढलेली आहे.

"आलात?" राजमती म्हणते.

"कुठं गेलो होतो?"

"बघा. मेलात तरी सरळ उत्तर नाही."

मगदूम मोजपट्टी फरशीवर उभी धरून बघतात. फरशीवर पाणी आहे. पावलं बुडतील एवढं. राजमतीला त्याचं नवल वाटत नाही, राग येतो, कारण फरशी तिनं सकाळीच पुसली होती.

"काकडीची साल काढत नाहीस तू," ते म्हणतात. "सालीवर औषध मारलेलं असतंय. दोन आजारी पाडल्यास."

"आजारी कसल्या? झोपल्यात त्या."

"कशावरनं?"

"हलत नाहीत म्हणून."

"हलत नाही म्हणून झोपलीय, असं नसतंय राजमती." मगदूम असं तिचं पूर्ण नाव कधी घेत नसत. नाव घ्यायची वेळच येऊ देत नसत. "झोपलेली गोगलगाय आपल्या कवचाचं दार घट्ट लावून घेते. मेलेलीचं दार सैल पडतंय. वाकून बघायचं. एवढं साधं असतंय ते."

राजमतीच्या अंगावर काटा येतो. "मी त्या दिवशी वाकून बघितलं नाही, म्हणून टोमणा मारालाय काय?"

"मी गोगलगाईंचं बोलालोय."

हेच ते. हेच चव्वेचाळीस वर्षं. वार करायचा आणि वर हात धुऊन मोकळं व्हायचं. ती तोंड उघडते, पण उघडेपर्यंत ती हॉलमध्ये राहिलेली नसते. ती बस्तीत बसलेली आहे, बायकांच्या बाजूला, संगमरवरी फरशीवर, आणि पाणी घोट्याच्या वर आलं आहे. तिच्या आजूबाजूला बायका ओळीनं बसल्यात. प्रत्येकीच्या डोक्यावर पदर. पदराखाली तोंड नाही, तपकिरी-पिवळं कवच आहे, आणि त्यातून दोन लांब मिशा बाहेर येऊन हळूहळू हलतायत. गोगलगाईच त्या, माणसाएवढ्या. तरीही बसण्याच्या पद्धतीवरून राजमतीला त्यातली चौगुलेबाई बरोबर ओळखू येते.

"किती शांत मरण," चौगुलेबाई शेजारणीला सांगते आहे. "हिनं विचारलं, चहा ठेवू का? हो म्हणाले. आणि तेवढ्यात गेले. शेवटचा शब्द 'हो'. पुण्यवान माणूस."

"हो म्हणाले," दुसरी म्हणते.

"हो म्हणाले," तिसरी, चौथी. सगळी ओळ मिशा हलवते.

पुरुषांच्या बाजूला खांबाला टेकून मगदूम बसलेत. ऐकतायत आणि हसतायत. हा माणूस मोठ्यानं हसतो हेच राजमतीला माहीत नव्हतं.

"हे कुणी सांगितलं सगळ्यांना?" ते विचारतात.

"मी," राजमती म्हणते. "आपल्या लेकीनं, मैनानं विचारलं, शेवटचं काय बोलणं झालं तुमचं. तिला काय सांगणार होते? जे बोलले ते?"

"आणि पटलं तिला?"

"न पटायला काय झालं?"

"चव्वेचाळीस वर्षांत 'चहा ठेवू का' म्हणून विचारलंस कधी? ठेवायचीस आणि आदळायचीस." ते पुन्हा हसतात. "खोटं बोलायचं तर जरा बेतानं बोलावं. माझ्या तोंडी शब्द घातलास त्याचं काही नाही. स्वतःच्या तोंडी घातलेला कुणाला पटेल असा तरी घालायचा."

राजमतीच्या कानशिलात आग पेटते. जिवंतपणी ह्या माणसाला असं बोलता येत असतं तर काय बिघडलं असतं! दोन शब्द तिनं ऐकवले असते, दोन ह्यांनी ऐकवले असते, घरात घरासारखं भांडण झालं असतं. ती हे म्हणणारच असते. पण तिच्या नाकात वास शिरतो. तेल, मिरची, आणि तो दुसरा वास, ज्याचं नावही ती घेत नाही. ती पदर नाकाला लावते.

भुर्जीची गाडी आहे. पण स्टँडजवळ नाही, नदीत आहे. पुलाच्या खांबापाशी, चाकं पाण्यात, तवा तापलेला. खांबावर फूट-इंच रंगवलेत. गाडीवाला तव्यावर उलथणं वाजवतो आणि न बघता एक कागदाची पुडी पुढे करतो. मगदूम ती घेऊन सदऱ्याच्या खिशात घालतात, जशी कुणी देवाच्या अंगाऱ्याची पुडी ठेवावी तशी जपून. पाणी राजमतीच्या पोटऱ्यांपर्यंत आलं आहे. साडी जड झाली आहे.

"चला इथनं," ती म्हणते. "कुणी बघेल."

"बघू दे की. बघितलंच की तुझ्या चौगुलेबाईनं."

"मला का सांगितलं नाही? की टरफलं त्या किड्यांसाठी आहेत म्हणून?"

"सांगितलं असतं तर घरात आणू दिलं असतंस?"

"नसतं."

"मग?"

"मग पातळ पडू द्यायची होती त्यांची कवचं! चाळीस गोगलगाईंसाठी माणूस स्वतःची अब्रू घालवतो होय? गावभर बदनामी?"

"गावानं काही केलं नव्हतं अजून. तू केलीस. आपल्या हॉलमध्ये, पुडी मुठीत धरून."

राजमती जागच्या जागी थिजते. पाणी थंड आहे हे तिला आत्ता कळतं.

"म्हणजे ऐकलंत तुम्ही," ती म्हणते.

"काय?"

"मी बोलले ते. हॉलमध्ये. ऐकलंत म्हणूनच सांगताय."

मगदूम मोजपट्टीवरचा चिखल अंगठ्यानं पुसतात. "माझ्या खिशात टरफलं सापडली म्हटल्यावर तू काय बोलली असशील, ते कळायला ऐकावं कशाला लागतंय?"

हेही खरंच. राजमतीला एवढा संताप येतो की ह्या मेलेल्या माणसाला धरून गदागदा हलवावं. पण हलवायला हात पुढे करते तो हात त्यांच्या दंडाला लागतो, आणि दंड तोच असतो. बाहीखाली हाड लागणारा, उन्हानं कोपरापर्यंतच रापलेला. तिचा संताप हातातल्या हातात विरून जातो. पाच महिने तिनं ह्या दंडाला हात लावलेला नाही. तिला फार वाईट वाटतं.

"अहो," ती म्हणते. आवाज तिचा तिलाच ओळखू येत नाही. "ऐकलंत का?"

आयुष्यभर ती हे म्हणत आली. दळण आणायला, गॅस बंद करायला, पाहुणे आले म्हणून सांगायला. अहो, ऐकलंत का. त्यात प्रश्न कधीच नव्हता. आज पहिल्यांदा आहे, आणि मगदूमही ते ओळखतात, कारण ते चष्मा वर सरकवतात आणि तिच्याकडे नीट बघतात.

"कुठलं?"

"शेवटचं वाक्य. मी आत जाताना म्हणाले ते."

गाडीवाल्याचं उलथणं थांबलेलं आहे. गाडीच नाही. पूल आहे, खांब आहे, आणि खांबाला खालपासून वरपर्यंत गोगलगाई चिकटल्यात, घरच्याच आकाराच्या, पेरूएवढ्या. सगळ्यांची दारं लावलेली.

"गोगलगाईला कान नसतात," मगदूम म्हणतात.

"काय?"

"नसतात. मी दुकानात विचारलं होतं. त्याला माहीत नव्हतं, मग पुस्तकात बघितलं. त्यांना ऐकू येत नाही. दार आपटलं, भांडं आदळलं, तर ती थरथर पायाला कळते. शब्द कळत नाहीत. तू टाकीजवळ उभी राहून त्यांना काय काय बोलतेस, मला वाटायचं, बरंय, ह्यांना कान नाहीत."

"मी तुमचं विचारालीय. तुम्ही काय गोगलगाय आहात?"

"चव्वेचाळीस वर्षं तूच म्हणतीस."

राजमती त्यांच्या तोंडाकडे बघत राहते. तोंड गंभीर आहे. चेष्टेची एक रेघ नाही. आणि मग तिच्या छातीतून काहीतरी सुटतं, गच्च बांधलेलं गाठोडं उकलावं तसं. नाही ऐकलं. ह्या माणसानं ऐकलं नाही. ते वाक्य हॉलमधल्या हॉलमध्ये, रिकाम्या खुर्चीला लागून पडलं, कुणाच्या कानात शिरलं नाही. तिला हसू येतं, रडू येतं, दोन्ही एकदम येतं. ती पदरानं नाक पुसते आणि सवयीनं म्हणते, "मेला कुठला पुस्तकी माणूस."

"बरं, हे धर," मगदूम मोजपट्टी तिच्या हातात देतात. "सरळ धर. तुझ्यासारखी कलती नको."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी ही पट्टी कुणाच्या हातात दिली नव्हती. एकदा लहान मैनानं भिंतीवर चेंडू मारायला घेतली तर त्या गरीब माणसानं पहिल्यांदा आणि शेवटचं 'हॅट' म्हटलं होतं. राजमती पट्टी दोन्ही हातांनी धरते. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत आलेलं आहे आणि आता वाढत नाही, थांबलं आहे. मगदूम वाकतात, तिच्या पायांपाशी, नाक पाण्याला लागेल इतके खाली, आणि आकडा वाचतात.

"एक फूट सात इंच," ते मोठ्यानं म्हणतात. जणू कुणी पलीकडे वहीत लिहून घेतो आहे.

मग सरळ होतात, कमरेला हात लावतात, आणि खांबाकडे चालू लागतात. पाण्यातून, हळूहळू, जसे घरातही चालायचे, कुठल्याही दिशेनं जाताना कुणाला अडचण नको अशा बेतानं. गोगलगाईंनी भरलेल्या खांबापाशी पोचल्यावर मागे न बघता म्हणतात,

"आणि कळलं की तुला. तासाभरानं का होईना."

राजमतीला अर्थ लागायला एक क्षण लागतो. तुम्ही मेलात तरी मला कळायचं नाही. कळलं की तुला. ती पट्टी टाकून त्यांच्यामागे धावायला जाते, पाण्यात पाय उचलत नाहीत, ती ओरडते, अहो, अहो, आणि त्यांनी मागे बघायच्या आत कुठंतरी घंटा वाजायला लागते. बस्तीतली नव्हे. बारीक, किरकिरी, न थांबणारी.

फोन आहे. टीपॉयवर थरथरत वाजतो आहे. घड्याळात चार वाजलेत. पंखा तसाच, पंप तसाच. राजमती चटईवर उठून बसते आणि क्षणभर तिला आपण कुठं आहोत ते उमगत नाही. मग टाकी दिसते, टाकीतल्या त्या चाळीसजणी दिसतात, आणि ती म्हणते, "हलकट माणूस." कुणाला म्हणते ते उघड आहे. सरळ सांगायचं नाही, सांगितल्यावाचून राहायचंही नाही. मेल्यावरही बायकोला आधी बरं वाटू द्यायचं, मग जाता जाता खरं सांगायचं, तेही पाठ करून. असल्या माणसाचा राग तरी कुणी किती करायचा!

फोन घ्यायला ती उठते आणि साडी पायाला चिकटते.

साडी ओली आहे. खालच्या काठापासून गुडघ्यापर्यंत ओलीचिंब, आणि गुडघ्याच्या वर कोरडी ठणठणीत. मधली रेघ पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ. राजमती चटई चाचपते, ती कोरडी आहे. फरशी कोरडी आहे. टाकीचं पाणी जिथं असायला हवं तिथंच आहे, एक थेंब सांडलेला नाही. ती काठ हातात घेऊन पिळते आणि पाणी खाली पडतं. त्यात बारीक वाळू आहे.

फोन वाजायचा थांबतो आणि लगेच पुन्हा वाजू लागतो. इचलकरंजीहून मैना, तिची लेक. रोज चारला करते.

"आई, झोपली होतीस काय गं? दोनदा लावला."

"हां."

"बरी आहेस ना? आवाज कसा लागालाय तुझा. काकडी घातलीस का बाबांच्या गोगलगाईंना?"

"मरू देत त्या गोगलगाई." राजमती टाकीसमोरच्या खुर्चीकडे बघते. पाच महिन्यांत तिथं कुणी बसलेलं नाही. ओली साडी आवरत ती जाऊन त्या खुर्चीत बसते. "मैना, तू स्वयंपाकघरात आहेस का? दार लाव. आणि मी सांगते ते मध्ये न बोलता ऐक."

"काय झालं?"

"तुझ्या बाबांना मी चहाचं विचारलं नव्हतं. ते 'हो' म्हणाले नव्हते. मी तुला खोटं सांगितलं."

मग राजमती सगळं सांगते. सदऱ्याचं सांगते, पुडीचं सांगते, अर्धा तास काय काय बोलली ते सांगते, आणि चिठ्ठी लावलेल्या बरणीचंही सांगते. शेवटचं वाक्य येतं तेव्हा ती थांबते, पण फक्त श्वास घ्यायला. मग तेही सांगते, एक शब्द कमी न करता, त्या दिवशी ज्या आवाजात म्हटलं होतं जवळपास त्याच आवाजात. आयुष्यात दुसऱ्यांदा ते मोठ्यानं म्हणताना तिला कळतं की ते किती लहान वाक्य आहे.

"आणि त्यांनी ते ऐकलं होतं," ती म्हणते. "मला माहीत आहे."

फोनमधून नुसती खरखर येते. साडीच्या काठातून पाणी खुर्चीखाली ठिबकतं आहे. राजमतीला फोन ठेवून द्यावासा वाटतो, भांडी आहेत, कामं आहेत, चहाची वेळ झाली आहे. ती ठेवत नाही. कानाला आणखी घट्ट लावते.

"मैना," ती विचारते. "ऐकलंस का?"

आणि नाक ओढत पलीकडून उत्तर येतं.

"ऐकलं."